संपादनाची अधिसूचना निघाल्यावर फळबाग लावू नका

प्रश्न : रस्त्यासाठी आमच्या गटातील सव्वा एकर जमीन जात असून 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 11 ची अधिसूचना (संपादनाची प्राथमिक जाहीर सूचना) निघाली आहे. झाडागणिक मोबदला मिळतो, म्हणून दोन-दोन फुटांवर डाळिंब लावा, असे रोपवाटिकावाले सांगतात. लावावे का?

उत्तर : लावू नये. सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन घेण्याचा अधिकार शासनाला आहे. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही. मात्र अनुच्छेद 300-क नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, त्यामुळे तुमचे बळ रोपांत नसून मुदतीत आणि कागदात आहे.

डाळिंबाचे शिफारशीत अंतर 4.5 × 3 मीटर, म्हणजे एकरी सुमारे 300 झाडे. संयुक्त मोजणीला, म्हणजे सर्व खात्यांनी मिळून केलेल्या मोजणीला, आलेला कृषी कर्मचारी खोडाचा घेर आणि ठिबकची नळी पाहतो. मुळाशी पिशवीची माती तशीच असलेले करंगळीएवढे रोप आणि गेल्या वर्षीच्या सातबाऱ्यावर बाजरी, एवढ्यावरून त्याला सारे कळते. रोपे विकणाऱ्याचे पैसे आजच वसूल होतात, मूल्यांकनात झाडे वगळली गेली तर भुर्दंड तुमचा. मोबदल्यात टक्केवारी मागणाऱ्या दलालाला कोऱ्या मुद्रांकावर सही मुळीच देऊ नका. जमिनीचा बाजारभावही अधिसूचनेच्या तारखेचाच धरतात आणि त्या तारखेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या सवलतीशिवाय व्यवहार करता येत नाही, म्हणून घाईने खरेदीखत करून देण्याचा सल्लाही ऐकू नये. पुन्हा सांगतो, अधिसूचनेनंतर लागवड नको.

लेखी हरकत 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी व पोच घ्यावी. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात ही मुदत केवळ 21 दिवसांची आहे, त्यामुळे नोटीस कोणत्या कायद्याखाली आली, हे आधी वाचावे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : जमीन जाणार असो वा नसो, दर हंगामात ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) स्वतः बांधावर उभे राहून, छायाचित्रासह नोंदवावी. जुनी बाग, विहीर, जलवाहिनी यांची नोंद नसेल, तर मोजणीच्या दिवशी हजर राहून ती पंचनाम्यात लिहून घ्यावी आणि पंचनामा वाचल्याखेरीज सही करू नये.

मोबदल्यात बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठीचा गुणक (बाजारमूल्याला ज्याने गुणतात तो आकडा), झाडे-विहिरींची किंमत आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम येते. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, मान्य नसल्यास रक्कम हरकत राखून स्वीकारावी. तसे न लिहिता उचलल्यास 2013 च्या कायद्याच्या कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही.