गॅस आलाय, तरी सासूबाईंचा खोकला थांबत नाही

प्रश्न : डॉक्टर, आम्ही यवतमाळकडचे. उज्ज्वलाचा गॅस आहे पण सारखं सिलिंडर भरणं परवडत नाही, म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर, पऱ्हाट्या-तुराट्या शेतातल्याच असतात. सासूबाई ५८ वर्षांच्या, बिडी कधी ओढली नाही तरी वर्षभर खोकला, थोडं चाललं की धाप. टीबीची तपासणी झाली, काही निघालं नाही. गॅस असताना चुलीमुळे होईल का हे?

उत्तर : ताई, होऊ शकतं. २०१६ मध्ये उज्ज्वला आली आणि घरोघरी कनेक्शन पोचलं हे चांगलंच झालं, पण त्याच बंद खोलीत रोज तास-दोन तास चूल पेटत असेल तर छातीला गॅसचा फायदा फारसा होत नाही. धुरातले बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. आपल्या देशात त्यांची दिवसाची मर्यादा हवेच्या घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि चुलीच्या स्वयंपाकघरात ते कित्येकशे होतात, पऱ्हाटी ओली असली की आणखीनच. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून फुंकणी धरून हेच ओढलंय, मग बिडी न ओढताही सीओपीडी होतो, श्वासनळ्या आकसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या बायकांना वर्षानुवर्षं नुसतं खोकल्याचं औषध मिळत राहतं.

स्पायरोमेट्री करून घ्या, नळीत जोरात फुंकायची साधी टेस्ट आहे, हा आजार सुरुवातीला एक्स-रेत दिसेलच असं नाही. इनहेलर दिला तर रोज घेऊ द्या, त्याची सवय लागते हे खोटं आहे.

आणि पाण्याची चूल उद्याच अंगणात न्या, सगळ्यात जास्त जळण तिथेच जातं, खर्च काही नाही, आणि पाणी तापवायला घरातल्या पुरुषांनी बसलं तरी चालतं की! भाकरीची चूल आतच ठेवायची असेल तर धुराडं छपराच्या वर काढा आणि त्यातली काजळी काढत राहा, तुंबलं की धूर परत घरातच येतो. लहान लेकरू असेल तर त्याला घेऊन चुलीपुढे बसू नका, धुराने लेकरांना न्यूमोनिया लवकर गाठतो. थंडीत निखाऱ्याची शेगडी मात्र खोलीत घेऊन कधीच झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

सासूबाईंचे ओठ निळसर दिसले, पाय सुजले किंवा बसल्या जागी धाप लागली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.