बीए की बीएस्सी? आधी सिलॅबस उघडा

नमस्कार ताई,

मुलीला सायकॉलॉजी करायचंय, एका युनिव्हर्सिटीत ते आर्ट्स फॅकल्टीत बीए म्हणून आहे, दुसरीकडे सायन्समध्ये बीएस्सी म्हणून, आणि बीए सांगितलं की लोक नाक मुरडतील अशी तुम्हाला धास्ती वाटतेय, बरोबर ना?

अहो, कुठला विभाग कुठल्या फॅकल्टीत टाकायचा हे ज्या त्या युनिव्हर्सिटीचं आपापलं असतं. केंब्रिजला तीन वर्षं फिजिक्स शिकणाऱ्यांनाही बीएच मिळते, तिथली जुनी पद्धतच तशी आहे, म्हणून त्यांना कोणी आर्ट्सवाले म्हणत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये इकॉनॉमिक्सची बीएस्सी आहे आणि ऑक्सफर्डला तोच विषय फिलॉसॉफी, पॉलिटिक्ससोबत घेतला की बीए. त्यामुळे नावावरून काही ठरवू नका.

दोन्हीकडचा सगळ्या वर्षांचा सिलॅबस डाउनलोड करा. प्रत्येक पेपरला त्याच्या वजनाप्रमाणे क्रेडिट्स दिलेले असतात, त्या एकूण क्रेडिट्सपैकी नुसत्या सायकॉलॉजीचे किती ते आधी मोजा, कारण काही बीएमध्ये तीन विषय सारख्या वजनाने असतात आणि मग सायकॉलॉजी वाट्याला येते जेमतेम एक तृतीयांश, हे बऱ्याच जणांना ॲडमिशन झाल्यावर कळतं. मग स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स आणि प्रॅक्टिकल किती ते बघा. बीएस्सीत हे जास्त असेल असं वाटतं खरं, पण ते गृहीत धरू नका, एखादं चांगलं ऑनर्स बीए यात भारी पडू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जरा उलटीकडून या. तिला पुढे क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे मानसिक त्रास असलेल्यांची तपासणी आणि थेरपी, करायचं असेल तर त्या मास्टर्सची एलिजिबिलिटी आत्ताच वाचा, कुठे सायकॉलॉजी मेजर लागतं, कुठे ठरावीक पेपर झालेले लागतात, कुठे एन्ट्रन्स. फॅकल्टीचं नाव विचारणारे कोर्स कमी, विषय आणि क्रेडिट्स विचारणारेच जास्त.

अजून एक विचारून घ्या तिला, सायकॉलॉजिस्ट व्हायचंय की सायकियाट्रिस्ट? सायकियाट्रिस्टला आधी मेडिकलची डिग्री लागते, तो रस्ता वेगळ्याच फॅकल्टीतून जातो आणि हा घोळ फार जणांचा होतो.

सिलॅबस मात्र तिलाच वाचू द्या, तुम्ही वाचून समजावू नका. स्टॅटिस्टिक्सचे पेपर बघून तिचा मूडच गेला तर परत लिहा, मग समाजशास्त्र, सोशल वर्क असे दुसरे पर्याय बघू.