खुबा दुखत नाही, मग एक्स-रेत हाड कमी कसं दिसतं?

प्रश्न: आईचा खुबा 2001 साली बदललाय, अजून खंडेराव मार्केटमधून भाजी स्वतः आणते. पडली म्हणून एक्स-रे काढला तर डॉक्टर म्हणाले फ्रॅक्चर नाही, पण कपाभोवतीचं, म्हणजे खुब्यात बसवलेल्या कृत्रिम वाटीभोवतीचं हाड विरघळलंय, वाटीतलं प्लॅस्टिक झिजलंय. दुखत तर काहीच नाही, मग परत ऑपरेशन कशाला? घरचे म्हणतात इन्फेक्शन असेल.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: दुखत नाही यावर विसंबू नका हो, हे हाड बहुतेक वेळा गुपचूपच जातं. प्लॅस्टिक स्वतः हाड खात नाही. चालताना कपातल्या पॉलिथिलीनची, म्हणजे त्या प्लॅस्टिकची भुकटी पडते, बरेचसे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे जंतूंएवढेच, त्यामुळे मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी ते जंतूंसारखेच गिळतात पण जंतू पचतो आणि हे पचत नाही, मग त्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन असली रसायनं सोडत राहतात आणि त्यांच्यामुळे हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात, नवीन हाड घालणाऱ्या मात्र मागे पडतात. कण येतच राहतात म्हणून हे थांबत नाही. पूर्वी डॉक्टर याचा दोष सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटला द्यायचे, पण सिमेंट न वापरलेल्या सांध्यातही तेच दिसलं.

इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली आधी टेफ्लॉनचा कप बसवायचे, तो भराभर झिजला आणि पेशंटना त्रास झाला, म्हणून 1962 पासून पॉलिथिलीन आलं. त्यांनी दोन्हींची भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती, टेफ्लॉनच्या जागी गाठ आली! मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आता क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना जोडून पक्कं केलेलं) पॉलिथिलीन खूप कमी झिजतं, पण ते 1990 च्या दशकाच्या शेवटी आलं, आईचा कप जुन्या प्रकारचा असू शकतो, ऑपरेशनचे कागद बघा.

इन्फेक्शनची शंका मात्र बरोबर आहे, एक्स-रेत दोन्ही सारखंच दिसू शकतं, म्हणून सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करा, ते वाढलेले आले तर सांध्यातलं पाणी तपासतात. जुने एक्स-रे शोधून शेजारी ठेवून बघायला सांगा, सीटी स्कॅनमध्ये हाडातला खड्डा किती मोठा ते जास्त नीट कळतं. हे थांबवणारी खात्रीची गोळी नाही. कप अजून घट्ट असेल तर पुष्कळदा आतलं प्लॅस्टिक बदलून खड्ड्यात हाड भरता येतं, कप हलायला लागल्यावर गेलात तर ऑपरेशन बरंच मोठं होतं, तेव्हा आत्ताच विचारा की कप घट्ट आहे का.