आधी माप

प्रिय पोरी,

घेऊ का म्हणून विचारलेल्या त्या जुन्या सायकलीचे तू पाठवलेले फोटो पाहिले. चेनचा आहे, गिअरचा आहे, हँडलला नवी टेप गुंडाळलीय तिचा आहे, बाटलीच्या स्टँडचासुद्धा आहे. फ्रेमच्या मापाचा एकही नाही. सीटच्या नळीवर खालच्या बाजूला एक बारका स्टिकर असतो. फोटो मोठा करकरून तो शोधला तेव्हा ५६ दिसलं, म्हणजे ५६ सेंटिमीटरची फ्रेम. उत्तर खरं तिथेच संपलं होतं, तरी तुझा मेसेज शेवटपर्यंत वाचला, कारण रात्री झोप लागली नाही असं तू लिहिलंयस. सायकलीपायी झोप न लागणाऱ्या माणसाला मी दोन ओळींत वाटेला लावत नाही.

कॉलेजात स्पर्धा मारल्यास, मग पुण्याची नोकरी, मग काहीच नाही, आता नाशकात परत आलीस आणि पुन्हा रस्त्यावर उतरायचंय. उतर, हे मी कशाला सांगू? तुला विचारायचंय ते वेगळंच आहे. पस्तीस हजारांत शिमानोचे १०५ मालिकेचे गिअर आणि पुढचं चाक धरणारा कार्बनचा फोर्क मिळतोय, विकणारा म्हणतो स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, आखूड टाकला की ताईंना बसेल, तर घ्यावी का. घेऊ नकोस. ती तुझ्या मापाची नाही.

तुझी उंची पाच फूट दोन. आज घरी गेलीस की अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा, एक जाड पुस्तक कणा वर करून मांड्यांमध्ये घट्ट धर आणि कण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर आईकडून मोजून घे. माझ्या अंदाजाने ७४ सेंटिमीटरच्या आसपास येईल. त्याला ०.८८३ ने गुण. ६५.३ येतात. पायडलचे दोन्ही दांडे फ्रेममध्ये ज्या धुरीवर फिरतात तिच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची तुला हवी. हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण सुरुवात इथून करायची. आता फोटोतल्या सायकलीचा वरचा दांडा बघ, अगदी सरळ आहे. अशा ५६ च्या फ्रेमचा दांडा जमिनीपासून ७८ ते ८० सेंटिमीटरवर येतो. सिग्नलला पाय टेकायला उतरलीस की काय होईल ते तूच ताड.

तेवढंही चालवून घेऊ म्हटलं, तर लांबीचं काय? ५६ च्या फ्रेमचा वरचा दांडा जवळपास ५६ सेंटिमीटरचाच असतो, तुझ्या मापाच्या, म्हणजे ४८-४९ च्या फ्रेमचा ५१-५२. चार-पाच सेंटिमीटर तू जास्त ओणवी होणार. ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ७० चा लावला की कागदावर चार सेंटिमीटर परत मिळतात, आणि विकणारा तेवढंच सांगतो. हँडलची उंची तिथेच राहते आणि हँडल चंचल होतं, हे तो सांगत नाही. कारण त्याला ती विकायचीय. मग हात अजून लांबच वाटतात म्हणून माणूस सीट पुढे सरकवतो, गुडघा पायडलच्या पुढे जातो आणि महिन्याभरात वाटीखाली दुखायला लागतं. तेव्हा लोक म्हणणार, इतक्या वर्षांनी सुरू केलंस ना, वय झालं. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला वय झालं म्हणतील! सायकलीचं माप चुकलंय हे कुणी म्हणणार नाही.

मला कुणी म्हटलं नव्हतं. सातपूरला टूलरूममध्ये लागलो तेव्हा माझ्याकडे बीएसए मॅक वन होती. तुला नाव माहीत नसेल, पण तेव्हा दहा गिअरची, खाली वाकलेल्या हँडलची सायकल म्हणजे सिडकोत पोरं मागे पळायची. मोठ्या चुलतभावाची होती, तो माझ्याहून वीतभर उंच. दिवसभर हातात व्हर्नियर धरून मायक्रॉनच्या गोष्टी करणारी आम्ही माणसं, आणि संध्याकाळी ज्यावर बसायचो त्याला कुणी फूटपट्टी लावली नाही. लावावी हे शिकवणारं तरी कोण होतं? गुडघा गेला. डॉक्टरांनी दाबून पाहिला आणि सायकल बंद करा म्हणाले. सीट कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. सायकल भंगारात गेली, स्कूटर आली, आणि ऐन उमेदीची वर्षं मी गंगापूर रोडने स्कूटरवर भाजी आणली. पुढे कधीतरी मापाच्या फ्रेमवर बसलो आणि तोच गुडघा मुकाट चालायला लागला. त्याचा आनंद झाला असं लोकांना वाटतं. मला राग आला. अजून येतो.

म्हणून मी टेप घेऊन फिरतो, आणि म्हणून आपल्या ग्रुपमधली मंडळी मला हसतात. हसू देत. गेल्या साली एका मुलाला मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही सायकल तुझी नाही, तुझ्या बापाची आहे. तेव्हापासून तो बोलत नाही. आवाज चढला असेल माझा, पण सायकल दोन मापं मोठी होती ती होतीच, आणि दिवाळीच्या आत ती विकायला निघाली. ही गोष्ट गोड बोलून सांगता येते असं मला म्हणतात. मी गोड बोललो तेव्हा कुणी ऐकलेलं आठवत नाही.

असो. तुझ्याकडे येतो.

नाशकात सेकंडहँड सायकलींना तोटा नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले आणि गावाला सायकलीचं वेडच लागलं. चांगलं वेड होतं ते. मग २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्या वेडाची दुसरी लाट आली. त्यातल्या कितीतरी सायकली आता गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला आहेत, हळूहळू बाहेर पडताहेत. पण माझ्या पाहण्यात येतात त्या बहुतेक ५४ आणि ५६, कारण घेणारे बाप्ये होते. तुझ्या मापाची चटकन मिळणार नाही. थांबावं लागेल. महिना थांब, तीन महिने थांब. थांबणं तुला जमत नाही हे मला माहीत आहे आणि म्हणूनच हे एवढं लिहितोय. मागे आठ गिअरची, शिमानोच्याच साध्या क्लॅरिस मालिकेची असली तरी चालेल, रंग उडालेला चालेल, ॲल्युमिनियमचा फोर्क चालेल. गिअर बदलता येतात, चाकं बदलता येतात, सीट तर बदलावीच लागते. फ्रेम बदलली की सायकलच बदलली. आमची काकू म्हणाली, "दुसरीच्या मापाचा ब्लाउज टाचून टाचून किती दिवस घालणार ती?" सायकलीतलं काही कळत नाही तिला, पण विकणाऱ्यापेक्षा जास्त कळलं.

आणि त्या १०५ चं कौतुक तेवढं आवर. फोटोत पुढची लहान चकती ३९ दातांची दिसते, मागची सगळ्यात मोठी २५ ची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वातीन मीटर पुढे जायला बघणार. नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट आहे, तिथे तुझे आजचे पाय दुसऱ्या वळणावर उतरतील. तीच साधी सायकल पुढे ३४ आणि मागे ३२ दातांची असेल तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर. बसल्या बसल्या चढशील, हळू चढशील, पण चढशील.

मापाची मिळाली की मग बाकीचं बघायचं, त्याआधी नाही. बघायला जाताना ॲलन की आणि स्टीलची पट्टी घेऊन जा. बारा इंची शाळेतली पट्टी नको, त्याहून लांब हवी. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धर आणि पुढच्या २४ पिना मोज. चोविसावीचा मध्य बरोबर १२ इंचावर पडला तर चेन नव्यासारखी. इंचाचा सोळावा भाग पुढे गेला तर चेन बदलायची, तेवढे पैसे किमतीतून वळते करून घ्यायचे. आठवा भाग पुढे गेला असेल तर मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संचही खाल्ला गेलाय असं समज. विकणाऱ्याला हे करताना दाखव. पट्टी बघितली की माणसं आपणहून खरं बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

मग सीटचा बोल्ट ढिला करून सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, वरखाली करून बघ. वर्षानुवर्षं घाम आणि पाणी मुरलं की तो फ्रेममध्ये धरून बसतो आणि हातोडीने निघत नाही. तो हलला नाही तर तिथून नमस्कार करून नीघ, कारण माप कितीही बरोबर असलं तरी सीट तुझ्या उंचीला येणारच नाही. पुढच्या नळीला जिथे खालचा दांडा जोडलाय तिथे रंगात केसासारखी रेघ दिसते का ते उजेडात बघ. ब्रेक घासतो तिथे रिमवर नख फिरव, खोलगट लागलं तर रिम झिजलीय. ब्रेकचे लिव्हर तुझ्या बोटांत येतात का तेही बघ. पुरुषांच्या पंजाला लावलेले असतात, पण बहुतेक लिव्हर स्क्रूने किंवा पट्टीने जवळ आणता येतात. टायर फाटके असतील तर वाईट वाटून घेऊ नकोस, टायर नवेच घालायचे, आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २३ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचे. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते कसे झालेत ते तू रोज बघतेसच. बारीक लांब व्हॉल्व्ह असला तर पितळी ॲडॅप्टर बॅगेत ठेव, नाहीतर चौकातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही.

ग्रुपबरोबर कधी यायचं म्हणून विचारलंस. लगेच नको. रविवारी मिसळीपर्यंत शर्यत लावणारे लोक आहेत ते, मनाने चांगले, पण तू त्यांच्या चाकाला लागून आपला जुना वेग शोधत बसशील. आधी एकटी गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे जात जा, सकाळी लवकर, टोमॅटोच्या गाड्या सुरू व्हायच्या आत. त्र्यंबकला नंतर. पावसाळ्यात तिकडे जाताना वारा तोंडावर असतो, तेव्हा घड्याळ बघून रडू नकोस, येताना तोच पाठीवर येतो. कसाऱ्याच्या ट्रकांत इतक्यात शिरायचं नाही, यावर वाद घालू नकोस.

विकणारा आता रोज फोन करेल, दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणेल. येऊ दे. ५६ त्या गिऱ्हाइकाला बसत असेल तर चांगलंच झालं. टोकन म्हणून दोन हजार दिलेस असं शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंयस, ते मी वाचलं. परत मागून बघ, नाही मिळाले तर सोड. आज रात्रीच त्याला नाही म्हणून कळव आणि आईने मोजलेला आकडा मला पाठव. इंदिरानगरमध्ये एकांची मुलगी परदेशी गेलीय, तिची सायकल पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली आहे. मी उद्या टेप घेऊन जातो.

तुझा,
काका