वाचकांचे प्रश्न : उभं पीक गेल्यावर कोणतं वचन वाचायचं?

प्रश्न : अतिवृष्टीत सोयाबीन शेंगेसकट कुजलं, कांद्याचं रोप वाहून गेलं. उपासनेत मात्र 'सृष्टीत देवाचं प्रेम पाहा' असं सांगतात. आम्ही ते नेमकं कुठं पाहायचं? (एक शेतकरी, श्रीरामपूर तालुका)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि ती पवित्र शास्त्रातही (बायबलमध्ये) आहे. हबक्कूक ३:१७ उघडा. संदेष्टा सहा नुकसानी नाव घेऊन मोजतो : अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढरं, गोठ्यातली गुरं. पुढच्या वचनात 'तरी' येतं आणि मग आनंदाची भाषा : तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आपल्याकडे पुष्कळदा सतरावं वचन घाईनं वाचून अठरावं गायला घेतात. त्यामुळे ज्याचं गेलं आहे त्याला आपलं दुःख कुणी मोजलंच नाही असं वाटतं.

म्हणून आधी तुमचं सतरावं वचन लिहून काढा. कोणत्या गटातलं किती गुंठे गेलं, बियाणं-खताचा खर्च किती, उसनवारी कुणाची. हाच कागद आणि बांधावर उभं राहून काढलेले फोटो पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे न्या. तोच कागद प्रार्थनेतही वाचा. 'तरी' म्हणायची घाई नको. ते या आठवड्यात आलं नाही तर पुढच्या महिन्यात येईल.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. पीक गेलं म्हणजे आपल्या पापाची शिक्षा, असं कुणी सुचवत असेल तर लूक १३:४ दाखवा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांहून जास्त अपराधी होती का, याला येशूनं स्वच्छ 'नाही' म्हटलं. दुसरा गैरसमज उत्पत्ति ८:२२ चा. पेरणी आणि कापणी थांबणार नाही, हे वचन पृथ्वीला दिलेलं आहे, प्रत्येक शेताला प्रत्येक हंगामात नाही. वाफसा येऊन हरभऱ्याची तिफण चालेल त्या दिवशी ते वाचा, तेव्हा ते खरं वाटेल.

आणि सृष्टी नेहमी प्रेमच बोलते असं पौलही म्हणत नाही. रोमकरांस ८:२२ प्रमाणे ती कण्हते आहे, प्रसूतिवेदना सोसते आहे. ती आपल्या आशेची साक्षीदार आहे, तीही जखमी. आशेचा उगम येशूच्या रिकाम्या कबरेत, म्हणजे त्याच्या पुनरुत्थानात आहे. हे उलटं धरलं की पहिल्याच गारपिटीत विश्वास आडवा होतो.

प्रश्न : यजमानांची नोकरी गेल्याला बरेच महिने झाले. झोप नाही, जेवण नाही, प्रार्थनेला बसवत नाही. पाळकांनी 'निसर्गात जा' म्हणून सांगितलं. आम्ही मुंबईत सातव्या मजल्यावर राहतो. (एक भगिनी, मुंबई)

उत्तर : पहिली गोष्ट डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कशातही रस नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस फोनसेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याची भाषा त्यांच्या तोंडी आली तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. यात अविश्वास नाही. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाणी, झोप. पुन्हा भाकर, पुन्हा पाणी आणि मग प्रवास. देवाचा मंद स्वर त्याच्याही नंतरचा.

सातव्या मजल्याचं म्हणाल, तर डोंगर लागत नाही. खिडकीतून दिसणारं एकच झाड धरा, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं. रस्त्याकडेचा विलायती शिरीष असेल तर संध्याकाळी पाहा : जोडीजोडीनं पानं मिटत जातात आणि घनदाट वाटणाऱ्या झाडातून अचानक आकाश दिसू लागतं. त्यासोबत स्तोत्र १०४ तुकड्यांनी वाचा : १०-१३ पाणी, १६-१७ झाडं, १९-२३ चंद्रसूर्य, २५-२६ समुद्र, २९-३० श्वास. रोज एकच तुकडा. पस्तीसही वचनं एका दमात वाचली तर थकलेल्या मनाला तो अभ्यासच वाटतो. ज्या दिवशी स्तुती जमणार नाही त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं. 'आज बरं वाटलं का?' असं रोज विचारू नका. काय दिसलं, एवढंच विचारा.

आणि कावळे आहेतच. लूक १२:२४ मध्ये देव कुणाला खाऊ घालतो हे सांगताना येशू मोर दाखवत नाही. नियमशास्त्रात अशुद्ध ठरलेला पक्षी दाखवतो. त्याच अध्यायात दोन दमड्यांना पाच चिमण्या आहेत. मत्तयात एका दमडीला दोन, म्हणजे पाचवी वर फुकट टाकलेली. तिचाही देवाला विसर पडत नाही. बिनपगारी माणसाला हा हिशोब लवकर समजतो.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ उपासनेत ईयोब १४:७ घ्यावं का? तोडलेलं झाड पुन्हा फुटतं, हे सुंदर वाटतं. (वसई)

उत्तर : घ्या, पण सातव्यावर थांबू नका. ईयोब तिथं दिलासा देत नाही, तो तक्रार करतोय : झाडाला आशा आहे, माणसाला नाही (१०-१२). निरीक्षण अचूक आहे. साग किंवा शेवगा छाटला तरी सालीखालचे सुप्त डोळे फुटतात. तुमच्या वसईतला नारळ मात्र शेंडा गेला की संपतो, कारण वाढीचा कोंब एकच. चौदाव्या वचनात ईयोब विचारतो, माणूस मेला तर पुन्हा जगेल काय? तिथवर वाचा आणि लगेच १ करिंथ १५:२० घ्या, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे हे उत्तर तिथं आहे.

प्रश्न : संडे स्कूलमध्ये योहान १२:२४ (गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो) शिकवायचं आहे. मागच्या वेळी कुंडीत गहू उगवलाच नाही. (जालना)

उत्तर : बहुधा दाणे खोल गेले किंवा पाणी साचलं. आठ इंची कुंडी, तळाला भोकं, दोन भाग माती, एक भाग शेणखत. गहू रात्रभर भिजवा, पंधरा दाणे चार सेंटीमीटर खोल टाका. बोटाला ओल लागेल इतकंच पाणी द्या. पाच-सहा दिवसांत कोंब दिसतात. गुलाबी रंग लावलेलं बियाणं नको, त्यावर औषध असतं आणि मुलं हात तोंडात घालतात. जुना, कीड लागलेला गहूही नको.

आठव्या दिवशी एक रोप मुळासकट उपटा. दाणा पिचकलेला असतो, दाबला तर पांढरं दूध येतं. बराचसा साठा कोंबानं खाऊन टाकलेला असतो. 'सर, मेलेला दाणा उगवतच नाही' असं एखादं पोर म्हणेल. त्याला शाबासकी द्या. येशू जीवशास्त्र शिकवत नव्हता, स्वतःच्या मरणाविषयी बोलत होता. दाणा दाणा म्हणून उरत नाही, एवढं हातात दिसतं.

मार्चमध्ये पेरलात तर उन्हामुळे ओंब्या नीट भरणार नाहीत. भरलेल्या ओंब्या हव्यात तर मोठ्या कुंडीत नोव्हेंबरच्या मध्यावर पेरा, साधारण एकशेवीस दिवस लागतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात पीक हाती येतं. दाणा भरू लागला की वर जाळी घाला, नाहीतर चिमण्या तुमच्याआधी कापणीचा सण उरकून घेतील.