शेवटचं इंजेक्शन देण्याआधी

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून नुकताच बाहेर पडलायस, म्हणून सांगतो. कुत्र्याला शांतपणे जाऊ द्यायचं ठरलं की आधी गुंगीचं औषध दे, शिरेत कॅथेटर (औषध सोडायची बारीक नळी) पक्का बसव, मगच थायोपेन्टोन या भुलीच्या औषधाचा जास्तीचा डोस. शुद्धीतल्या जनावराला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट (भूल न देणारा क्षार) कधीही देऊ नकोस. ते क्रौर्य आहे.

मालकाला आधीच सांग: डोळे उघडे राहतील, लघवी होऊ शकते, एखादा श्वास नंतरही येऊ शकतो. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणसं ‘त्याला त्रास झाला’ असं मनात धरून वर्षानुवर्षं झुरतात. फार वाईट वाटतं बघून.

ठोके थांबलेत ना, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही ना, स्वतः बघ. लेखी संमती हवीच. बेवारस जखमी जनावर असेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १३ (त्रासातल्या जनावराला मरण देण्याबद्दलचं) वाचून पोलिसांमार्फत जा. आणि पुरायचा खड्डा खोल घ्यायला लाव. औषधाचा अंश मांसात राहतो, उकरून खाणाऱ्या कुत्र्याला तो बाधतो.