धुऊन न निघणारं लोखंड

प्रश्न : मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, राहणार कणकवली. आमच्याकडे जानवली-वागद्याला क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज सापडतं. हलक्या प्रतीचं क्रोमाइट पाण्यावर धुऊन सुधारतं, तर मग ते कोळशाबरोबर भाजायचं कशाला?

उत्तर : धुण्याने निम्मंच काम होतं, बाळ. क्रोमाइटची घनता साडेचारच्या आसपास, सोबतच्या सर्पेंटाइन या निरुपयोगी खनिजाची अडीचच्या जराशी वर. दळून हलत्या टेबलावर पाणी सोडलं की हलका भाग वाहून जातो. लोखंड मात्र जात नाही, ते क्रोमाइटच्या स्फटिकातच बसलेलं असतं. तांदळातले खडे पाखडून निघतात, भातात शिजलेलं मीठ निघत नाही.

हिशेब मांडून बघ. निव्वळ लोह-क्रोमाइटमध्ये ५६ भाग लोखंडाला १०४ भाग क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं लोखंडाशी गुणोत्तर १.८६. कितीही धू, ते हलत नाही. खऱ्या खनिजात मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियमही असतं, त्यामुळे आकडा खाणीगणिक बदलतो. दक्षिण आफ्रिकेत बुशवेल्डचं बरंचसं खनिज दीडच्या आसपास आहे; त्यापासून भट्टीत बनणाऱ्या फेरोक्रोममध्ये, म्हणजे लोखंड-क्रोमियमच्या मिश्रधातूत, क्रोमियम जेमतेम पन्नास टक्क्यांच्या घरात येतं, कारण भट्टीत लोखंडही सोबत उतरतं.

म्हणून भाजणं. कोळशाची पूड मिसळून १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की कार्बन आधी लोखंडाचा ऑक्सिजन ओढून घेतो. क्रोमियम आपला इतक्या सहज सोडत नाही. मी ओडिशात सुकिंद्याच्या खनिजावर काम करायचो. भाजलेला दाणा घासून, चमकवून पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा करड्या दाण्याच्या कडेने आणि भेगाभेगांतून लोखंडाचे पांढरे, लखलखीत ठिपके दिसले. मी कितीतरी वेळ मान वर केली नाही! हे ठिपके विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळतात, उरलेल्या क्रोमाइटला ते आम्ल फारसं लागत नाही. निम्मं लोखंड काढलं तरी १.८६ चे ३.७ होतात.

हवेला मात्र जप. एकदा मुशीचं झाकण तडकलेलं माझ्या ध्यानात आलं नाही. निवताना हवा शिरली, सुटं झालेलं लोखंड पुन्हा ऑक्साइड झालं आणि सगळा घाणा वाया गेला. त्यातून सोडा किंवा चुना मिसळलेला असेल आणि भरपूर हवा लागली, तर क्रोमियम सहा-संयुजी होतं. ते विषारी, कर्करोगकारक आहे. भाजलेली पूड धुताना पाणी पिवळं दिसलं, तर ते मोरीत ओतू नकोस. हात न लावता बाजूला ठेव, लगेच सरांना दाखव. आम्लात फेरस सल्फेट घालून ते आधी तीन-संयुजी करावं लागतं.